परमुलखात किती बदलावे?

कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला आपण सारे 'सीपीआर' म्हणूनच ओळखतो. गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका वृद्ध रुग्णाला भेटून मी तेथून बाहेर पडत होतो. दाराशी एक जुने परिचित गृहस्थ भेटले. पाऊस थांबेपर्यंत आम्ही दोघे आडोशाला उभे राहिलो. त्यांची थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी उच्च शिक्षणासाठी कॅनडाला गेली आहे. घर गहाण ठेवून त्यांनी तिला पाठवले. निघण्यापूर्वीच्या रविवारी फादरांनी वेदीपुढे तिला आशीर्वाद दिला, तेव्हा आम्ही सारे हजर होतो. साहजिकच मी विचारले, "मुलीचा अभ्यास कसा चालला आहे?"

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अभ्यास चांगला आहे. पण ती आमच्याशी खोटे बोलते."

हकिगत अशी होती. दर रविवारी तिची आई फोनवर पहिला प्रश्न विचारी, "मिस्साला गेली होतीस ना?" मुलगी "हो" म्हणे. पुढे कळले की खोलीचे भाडे भागावे म्हणून ती रविवारी सकाळी एका दुकानात काम करते आणि कित्येक महिने तिने चर्चची पायरी चढलेली नाही. आईने जाब विचारला तेव्हा ती रडली आणि म्हणाली, "मम्मी, मी कशी आहे, हे तू कधी विचारलंस का?" एवढे सांगून त्या गृहस्थांनी मला विचारले, "तुम्हीच सांगा, आम्ही मुलीला शिकायला पाठवले की गमावले?"

त्यांना तेथल्या तेथे उत्तर देणे मला जमले नाही. परंतु ज्या वास्तूच्या दाराशी आम्ही उभे होतो, तिचाच या प्रश्नाशी जुना संबंध आहे, हे घरी परतताना माझ्या ध्यानात आले. हे रुग्णालय पूर्वी 'आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल' या नावाने ओळखले जाई. 1886 साली कोल्हापूर दरबाराने येथील स्त्रियांच्या विभागासाठी डॉक्टर म्हणून जिची नेमणूक केली, ती तरुणी त्या वेळी अमेरिकेत होती. तिचे नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची कथा आपण शाळेत वाचलेली असते. कोल्हापूरचा तिच्याशी असलेला धागा मात्र आपण बहुधा विसरतो. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते आणि काही काळ त्यांची नेमणूक कोल्हापुरात होती. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून त्यांनी 1878 साली येथूनच मिशनरी मंडळींकडे पत्राने मदत मागितली. कोल्हापुरात मिशनचे कार्य सुरू करणारे रॉयल वाइल्डर तेव्हा अमेरिकेत परतून एक मासिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र छापले आणि सोबत उत्तरही छापले. ख्रिस्ताचा स्वीकार करावा, असा त्या उत्तराचा रोख होता. पुढे न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात तो अंक आला. तिने आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला आणि आपल्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडले. त्यासाठी तिने धर्माची अट घातली नाही. आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या.

एकाच पत्राला अमेरिकेतून दोन प्रतिसाद मिळाले. दोन्ही देणारी माणसे ख्रिस्ती होती. त्यांपैकी कोणत्या प्रतिसादात परक्याला घरात घेणाऱ्या प्रभूचा चेहरा अधिक स्पष्ट दिसतो, हे मला सांगायला नको. वाइल्डरांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणत नाही. आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे धन दुसऱ्याला मिळावे, असेच त्यांना वाटले असणार. परंतु गरजू माणसापुढे श्रद्धेचा प्रश्न मदतीच्या दाराशीच ठेवला, की त्याचे 'होय' आणि त्याचे 'नाही' दोन्ही संशयास्पद होतात. विश्वास अशा तऱ्हेने देता येत नाही आणि घेताही येत नाही.

इकडे स्वजनांच्याही अटी होत्याच. समुद्र ओलांडला तर धर्म बुडेल, असे लोक म्हणत. फेब्रुवारी 1883 मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथे भरसभेत आपले म्हणणे मांडले. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

तेथील दिवस कसे गेले असतील, याची कल्पना आपल्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्या आईबापांनी अवश्य करावी. मांसाहार वर्ज्य, अंगावर साडी, बाहेर बर्फ आणि खोलीत धूर कोंडणारी शेगडी. घरून पत्र यावे म्हणून वाट पाहावी आणि पत्र आले की त्यात पतीचे बोल ऐकावेत. तरीही त्यांनी विचारपूर्वक काही बदल केले. नऊवारी साडीत पाय पुरेसे झाकले जात नाहीत आणि थंडीही सोसवत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, पण नेसण्याची रीत बदलली. बदलाचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला आणि त्याचे कारणही त्यांना ठाऊक होते. 11 मार्च 1886 रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली.

पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्याही 1883 सालीच परदेशी गेल्या होत्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. आश्रय देणाऱ्या अँग्लिकन भगिनींशी त्यांचे धर्मविषयक वाद होत राहिले आणि ते त्यांच्या पत्रव्यवहारात नमूद आहेत. फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात या दोघी मराठी स्त्रिया एकत्र आल्या. एकीने धर्म बदलला होता, दुसरीने नाही. दोघींपैकी प्रामाणिक कोण, असे विचारले तर मी म्हणेन, दोघीही. कारण आपले उत्तर दोघींनी विकत दिले नव्हते, आणि भीतीपोटीही दिले नव्हते.

म्हणून परमुलखात किती बदलावे, हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. बदल कोणासाठी आणि कोणाच्या भयाने होतो आहे, हे आधी विचारले पाहिजे. लोकांनी हसू नये म्हणून सोडलेली प्रार्थना आणि आईने रागावू नये म्हणून केलेली प्रार्थना, या दोन्हींत देवापेक्षा माणसांचे भय मोठे असते. सद्सद्विवेक हे माणसाचे अंतरीचे पवित्र स्थान आहे आणि तेथे तो एकटा देवापाशी असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकवले आहे. 1965 साली याच परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध करून श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नसावी, असे स्पष्ट केले. ही शिकवण आपण इतर धर्मीयांच्या संदर्भात आवडीने सांगतो. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत ती आपल्याला आठवते का?

येथे कोणी म्हणेल, "मग मिस्सा चुकवली तरी चालेल काय?" तसे माझे म्हणणे नाही. रविवारची मिस्सा हे कर्तव्य आहे आणि परक्या देशात तर तो मोठा आधारही आहे. परंतु त्या मुलीच्या बाबतीत मिस्सा चुकण्याआधीच काहीतरी तुटले होते. खरे सांगण्याची जागा तिला घरात उरली नव्हती. भाडे भागत नाही, हे तिने सांगितले असते तर कदाचित संध्याकाळची मिस्सा शोधता आली असती, कामाची वेळ बदलून घेता आली असती, तेथील धर्मगुरूंना भेटता आले असते. जाब विचारणाऱ्या प्रश्नाला तिने बचावाचे उत्तर दिले. खोटे तिचे होते, हे खरेच. पण त्या खोट्यात थोडा वाटा आपलाही आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आनंदीबाई नोव्हेंबर 1886 मध्ये मायदेशी परतल्या तेव्हा त्यांची प्रकृती पूर्ण ढासळली होती. ज्या समाजाने जाताना बोल लावले, त्याच समाजात आता त्यांचे कौतुक झाले. आणि ती न बदलता परत आली, याचे कौतुक त्यात मोठे होते. या निष्ठेची किंमत मात्र त्या एकट्याच मोजत होत्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरची ती जागा त्यांना कधीच सांभाळता आली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशीकडे पाठवण्यात आल्या आणि तिने त्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. त्यांचे दोन्ही बाजूंनी कौतुक करणारे पुष्कळ होते. थंडीत पांघरूण घालणारी माणसे मात्र मोजकीच.

आज आपल्या धर्मग्रामांतून कितीतरी मुले परदेशी जात आहेत. त्यांना निरोप देताना आपण त्यांच्याकडून वचने घेतो. त्यासोबत आपणही एक वचन द्यावे, असे मला वाटते. "तिकडे काहीही घडले तरी ते आम्हांला सांग. आम्ही आधी ऐकू, मग बोलू." उलट दिशेनेही पाहिले पाहिजे. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातील महाविद्यालयांत दूरदूरच्या प्रांतांतून विद्यार्थी येतात. त्यांतला एखादा रविवारी आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसतो आणि मिस्सा संपताच निघून जातो. तो कोण, कुठला, त्याने जेवण केले की नाही, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? त्याचीही आई कुठेतरी फोनची वाट पाहत असते.

पुढे काही आठवड्यांनी ते गृहस्थ चर्चच्या आवारात भेटले. मी त्यांना आनंदीबाईंची ही सारी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "गेल्या रविवारी फोन मीच केला. तिकडे थंडी किती आहे, एवढेच विचारले. पाऊण तास बोलत होती." मिस्साचा विषय निघाला का, असे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.