मोटारीतील गळती आणि संवराचा प्रश्न

चित्त मलिन कसे होते या प्रश्नाचा विचार करताना भारतीय दर्शनांनी आत शिरणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त वारंवार घेतला आहे. कर्मरूप होऊ शकणाऱ्या सूक्ष्म जडद्रव्याचा, म्हणजे कर्मपुद्गलांचा, जीवाकडे जो ओघ येतो त्याला जैन आचार्यांनी आस्रव म्हटले, तो ओघ रोखण्याला संवर म्हटले आणि आधीच साचलेले झडून जाण्याला निर्जरा म्हटले. छिद्रे पडलेली नाव, ती छिद्रे बुजवणे आणि आतले पाणी उपसणे हा त्यावरचा परंपरेतील नेहमीचा दृष्टान्त आहे. बौद्धांच्या धम्मपदात पहिल्याच वर्गात, यमकवग्गात, शाकारणी बिघडलेले घर आणि अभ्यास नसलेले चित्त यांची सांगड पावसाच्या निमित्ताने घातली आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 1200 मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस झेलणाऱ्या, धानाच्या बांध्यांनी आणि जुन्या तलावांनी भरलेल्या गोंदिया जिल्ह्यात हे दृष्टान्त कोणाला समजावून द्यावे लागत नाहीत. मात्र कवेलूंच्या जागी स्लॅब आल्यापासून अनेक घरांत गळतीची चिंता छपरावरून उतरून अंगणात उभ्या असलेल्या मोटारीत शिरली आहे, आणि संवराच्या तत्त्वाची परीक्षा करायला ही मोटार नावेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

याचे कारण असे की, नाव आणि छप्पर या दोन्ही दृष्टान्तांत आत-बाहेरची सीमा अखंड असावी आणि ती जिथे तुटेल तिथे दोष मानावा हे गृहीत धरलेले असते, तर मोटारीच्या रचनेत ते गृहीत धरलेले नसते. दाराच्या काचेवरून ओघळणारे पाणी काचेलगतच्या रबरी पट्टीने, म्हणजे बीडिंगने, पुष्कळसे अडते, परंतु काही पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. तिथे आतल्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा त्याला बैठकीकडे येऊ देत नाही, आणि ते दाराच्या खालच्या कडेला मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून रस्त्यावर पडते. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या मुळाशी, जाळीखाली एक पन्हळ असते व तिला दोन्ही बाजूंनी उतार दिलेला असतो. छताची काच उघडणारी असेल तर तिच्या चौकटीत पाणी येणारच असे धरून कोपऱ्यांतून नळ्या खाली नेलेल्या असतात. पाण्याने माणसापर्यंत पोचू नये एवढीच रचनाकाराची अपेक्षा असते.

बहुतेक वेळा गळती सुरू होते ती या वाटा तुंबल्यामुळे. चिंचेखाली गाडी उभी राहत असेल तर चिंचेची बारीक पाने जाळीतून पन्हळीत पडून कुजतात, आणि पन्हळ भरली की पाणी पंख्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडातून आत येऊन शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी साचते. बांधीकडच्या रस्त्याचा चिखल दाराखालच्या छिद्रांत वाळून बसतो. अशा वेळी घाबरलेला मालक सिलिकॉनची नळी आणून दिसेल ती फट बुजवू लागतो, आणि त्या भरात दाराखालची छिद्रेही बुजवतो. मग वळणावर दारातून पाण्याचा खळखळाट ऐकू येतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पत्रा आतून गंजलेला असतो. धर्मजीवनातही असे घडते, आणि दमनालाच संयम समजणारे साधक प्रत्येक परंपरेत आढळतात.

ओल जिथे दिसते तिथेच पाणी शिरले असेल असे नसते, कारण पाणी वायरींच्या जुडग्यावरून किंवा पत्र्याच्या घडीतून वाट काढत सर्वांत खोल जागी जाते. म्हणून जाणता कारागीर एकाला टॉर्च घेऊन आत बसवतो आणि बाहेरून एका वेळी एकाच भागावर, खालून सुरुवात करून वर जात, पाणी सोडतो; वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जाऊन काहीच ठरत नाही. अमुक असताना कार्य दिसते आणि अमुक नसताना दिसत नाही, अशा रीतीने कारण निश्चित करण्याला नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणतात. क्रोध ज्याच्यावर निघाला तोच क्रोधाचे कारण आहे असे मानणारा माणूस ही परीक्षा करत नाही.

याहून अवघड प्रकार असा की, कधी कधी पायाशी आलेले पाणी पावसाचे नसतेच. एसी चालू असताना गाडीतल्या हवेतील बाष्प थंड होऊन त्याचे पाणी होते व एका नळीने खाली जाते. ती नळी तुंबली तर कोरड्या दिवशीही मॅट भिजते, आणि ते पाणी पावसाच्या पाण्यासारखे गढूळ नसून स्वच्छ असते. हे पाणी आतच तयार झालेले असल्यामुळे बाहेरून कितीही रबर बसवले तरी ते थांबत नाही. जैन दर्शनाने ही शक्यता ओळखली होती. आस्रवाचे द्वार त्याने बाह्य वस्तूंत न ठेवता योगात, म्हणजे मन, वाणी आणि काया यांच्या हालचालीत ठेवले, आणि आलेले कर्म चिकटते ते क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे असे सांगितले.

येथे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो, आणि तो सामान्य प्रवचनांतून फार कमी वेळा ऐकू येतो. कषाययुक्त जीवाचा आस्रव सांपरायिक, म्हणजे संसार वाढवणारा, असतो; कषायरहित जीवाचा ईर्यापथ असतो, म्हणजे कर्म येते, टिकत नाही आणि लगेच निघून जाते. दारात शिरून छिद्रातून निघून जाणारे पाणी या दुसऱ्या प्रकारचे आहे. शिवाय संवराच्या साधनांत तीन गुप्ती म्हणजे मन-वाणी-कायेचा निरोध येतो, तशा पाच समिती म्हणजे सावध वर्तनाचे नियमही येतात, आणि त्यांतला शेवटचा नियम त्याज्य वस्तू कोठे व कशी टाकावी याविषयीचा आहे. म्हणजे ज्या तत्त्वाला केवळ छिद्रे बुजवणे असे समजले जाते, त्यातच बाहेर टाकण्याची शिस्त समाविष्ट आहे. बौद्धांच्या सब्बासव सुत्तातही चित्ताला नासवणाऱ्या आसवांवर सात उपाय सांगितले आहेत व इंद्रियसंवर हा त्यांतला केवळ एक आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर अवयव आवरणारे कासव आणि नद्या सामावूनही न ढळणारा समुद्र हे दोन्ही दृष्टान्त एकाच स्थितप्रज्ञासाठी आले आहेत. लायब्निट्झने 1714 मध्ये चिदणूंना खिडक्याच नाहीत असे म्हणून हा प्रश्न मुळातून टाळला, पण त्याने साधकाची सोय होत नाही.

गोंदियाच्या मातीत या विचाराला जुना आधार आहे. परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जाणारा नवेगावबांधचा तलाव असो किंवा गावोगावचे मालगुजारी तलाव असोत, पाळ जितकी काळजीने घातली जाते तितक्याच काळजीने सांडवा राखावा लागतो, कारण सांडवा बुजला तर मातीची पाळ अतिवृष्टीत वरून पाणी जाऊन फुटते.

निर्जरेचा क्रमही येथे महत्त्वाचा आहे. मॅटखालच्या फोममध्ये मुरलेले पाणी जुलैच्या दमट हवेत आपोआप सुकत नाही. सीट काढून फोम बाहेर घ्यावा लागतो, आणि वाट मोकळी करण्याआधी तो सुकवला तर पुढच्या सरीला पुन्हा भिजतो. काळ आल्यावर कर्म आपोआप झडते ती सविपाक निर्जरा आणि तपाने आधीच झडवले जाते ती अविपाक, हा भेद इथे चांगला कळतो.

तरीही वाटा मोकळ्या ठेवण्याच्या या विचाराचा एक दुरुपयोग संभवतो. विषय येतात आणि जातात, आत काही राहत नाही, असे म्हणणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. जैन आचार्यांनी त्यांना ही सवलत दिलेली नाही: चौदा गुणस्थानांपैकी, म्हणजे आत्मशुद्धीच्या पायऱ्यांपैकी, ईर्यापथ आस्रव अकराव्या ते तेराव्या पायरीवरच्या, मोह शमलेल्या किंवा क्षीण झालेल्या जीवालाच असतो. व्रत पाळणारा गृहस्थ पाचव्या पायरीवर असतो, आणि त्याला गुप्ती व समिती या दोन्हींची गरज आहे.