हललं तेवढंच

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात उन्हं उतरली की ओट्यावर बसा. समोर कडुनिंब असेल तर उत्तम, नाहीतर दोरीवर वाळत घातलेलं धोतरही चालेल. मोबाईल घरात ठेवा. काही ठरवून पाहायचं नाही. नजर जिकडे जाईल तिकडे जाऊ द्या. थोड्या वेळाने स्वतःलाच विचारा, मघापासून काय काय दिसलं?

फांदी हलली ती दिसली. खार खोडावरून वर गेली, तीही दिसली. मागची भिंत दिसली का? ती तर सगळा वेळ समोरच होती, झाडापेक्षा मोठी होती. तरी तिच्याबद्दल सांगण्यासारखं तुमच्यापाशी काही नाही. हा डोळ्याचा दोष समजू नका. भिंत सोडून दिली म्हणून तर खार सापडली.

आता तुमच्या जागी लॅपटॉप ठेवा आणि त्याचा कॅमेरा चालू करा. त्याला असं सोडून देता येत नाही. साध्या कॅमेऱ्याचं चित्र 640 ठिपके रुंद आणि 480 ठिपके उंच धरू. एका चित्रात 3 लाख 7 हजार 200 ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. सेकंदाला अशी तीस चित्रं. म्हणजे दर सेकंदाला 2 कोटी 76 लाखांहून जास्त आकडे. यात भिंतीचे आकडे खारीच्या आकड्यांइतक्याच निष्ठेने लिहिले जातात. इतकं सगळं जवळ असून कॅमेऱ्याने अजून काहीच पाहिलेलं नाही. जो सगळंच सांभाळतो त्याला पाहणारा म्हणू नये, असं माझं मत आहे.

या विचारापाशी थोडं थांबू. तुम्ही दिवसभरात जे पाहिलं, त्यातलं बहुतेक सगळं टाकून दिलं आहे. काय टाकायचं ते कोणी ठरवलं?

यंत्राला हे टाकणं शिकवण्याची पहिली युक्ती वजाबाकीची. आत्ताच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करायचं, ठिपक्यातून ठिपका. भिंत जिथे होती तिथेच आहे, म्हणून तिची बाकी जवळजवळ शून्य. फांदी सरकली, तिथे काहीतरी उरलं. उरलेलं म्हणजे हालचाल. सुपात धान्य घेऊन पाखडावं तसं हे काम आहे: फोल उडून जातं, दाणा राहतो. फक्त सूप किती जोरात हलवायचं ते हाताला कळायला लागतं. फार हळू पाखडलं तर कचरा राहतो, जोरात पाखडलं तर दाणेही जातात. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक आकडा ठरवावा लागतो: याच्यापेक्षा कमी फरक पडला तर हललं असं म्हणायचं नाही. हा आकडा पुस्तकात मिळत नाही. ओट्यावरच्या उजेडाला जो चालतो तो वर्गातल्या ट्यूबलाइटला चालत नाही. सूर्यावरून ढग गेला की सगळं अंगण एकदम हलल्यासारखं यंत्राला वाटतं, कारण प्रत्येक ठिपक्याचा उजेड बदलला. काहीच हललेलं नसताना सगळं हललं! असं आपलंही होतं.

दुसरी युक्ती अधिक खोल आहे. 1981 मध्ये ब्रूस ल्यूकस आणि ताकेओ कानादे या दोघांनी ती मांडली, आणि आजही ती कामाला येते. चित्राचा लहानसा चौकोन घ्यायचा आणि पुढच्या चित्रात तसाच चौकोन आसपास कुठे गेला ते हिशेबाने काढायचं. इथे एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वस्तू सरकते तेव्हा आपला उजेड सोबत घेऊन सरकते, आणि एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत फार लांब जात नाही.

ही युक्ती कुठे अडते ते तुम्हाला बसल्या जागी अनुभवता येईल. हाताची मूठ सैल करा आणि तिच्या पोकळीतून एका डोळ्याने विजेच्या खांबावरची तार पाहा. फक्त तार दिसली पाहिजे. खांब नको, तारेवरचा पक्षीही नको. आता कल्पना करा की ती तार तिच्याच लांबीच्या दिशेने सरकते आहे. मुठीतून तुम्हाला काय कळेल? काहीच नाही. तारेचा एक तुकडा गेला, तसाच दुसरा आला. ती वर-खाली झाली तर कळेल, पण लांबीच्या दिशेने मैलभर सरकली तरी कळणार नाही. आता पोकळीत एक गाठ येऊ द्या, नाहीतर चिमणी बसू द्या. लगेच सरकणं दिसू लागेल. म्हणून हालचालीचा माग ठेवणारे प्रोग्रॅम आधी कोपरे शोधतात, म्हणजे दोन्ही दिशांना वेगळेपण असलेल्या जागा. सरळ कडेवर ते विसंबत नाहीत.

मूठ तशीच धरून आणखी थोडा वेळ पाहा. जे सारखं आहे त्याची चाल ओळखू येत नाही. गावातला एखादा दिवस कालच्यासारखाच गेला असं आपण म्हणतो, तेव्हा दिवस थांबलेला असतो की आपल्या मुठीत गाठ आलेली नसते?

आता हात खाली घ्या. हललेले ठिपके सापडले. त्या सगळ्यांचा मध्यबिंदू काढला की दोन आकडे उरतात: किती आडवं, किती उभं. सेकंदाला तीसदा दोन, म्हणजे साठ. पावणेतीन कोटींतून साठ! अंगण गेलं, रंग गेले, समोर एखादी मुलगी उभी असेल तर ती कोण होती तेही गेलं. मला हे टाकणं चांगलं वाटतं. शाळेत असा प्रयोग करायचा तर मुलांची चित्रं कुठेही पाठवावी लागत नाहीत. चित्र लॅपटॉपात येतं आणि तिथेच विरतं, पुढे जातात ते आकडे.

पुढे म्हणजे कुठे? विज्ञान प्रदर्शनात हात हलवला की दिवा लागतो असा एखादा प्रकल्प हमखास असतो. परीक्षक दिव्याकडे पाहतात, मुलं परीक्षकांकडे. मधल्या जोडणीकडे कोणी पाहत नाही. आपण तिच्याकडेच पाहू.

पलीकडच्या टोकाला चित्ररूप प्रोग्रॅमिंग असतं. तिथे ओळीमागून ओळ लिहायची नसते. पडद्यावर चौकटी ठेवायच्या आणि रेषांनी जोडायच्या. एक चौकट आकडा घेते, दुप्पट करते, खाली सोडते. दुसरी त्याचा सूर करते. 1980 च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मिलर पकेट यांनी अशी पद्धत घडवली. तिला पुढे मॅक्स हे नाव मिळालं. 1996 मध्ये त्यांनीच प्युअर डेटा हा मोफत भाऊबंद आणला. लहान मुलांसाठी अमेरिकेतल्या एमआयटीचं स्क्रॅच 2007 पासून आहे. त्यात रेषांऐवजी एकात एक बसणारे ठोकळे असतात.

पाहणारा प्रोग्रॅम बहुधा वेगळा असतो आणि चौकटींचा हा प्रोग्रॅम वेगळा. त्यांना बोलतं करायला एक निरोप लागतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 1997 मध्ये त्यासाठी ओपन साउंड कंट्रोल नावाची रीत ठरली. निरोप साधा: आधी पत्ता, मग आकडे. 'हात, आडवा, 0.42.' संपलं. हा निरोप एकाच लॅपटॉपच्या आत जाऊ शकतो, नाहीतर वायफायवरून दुसऱ्या खोलीत.

त्या 0.42 वर मन ठेवा. तो आकडा चौकटीत पोहोचला. चौकटीला माहीत नाही की तो हाताचा आहे. फांदीचा असता, वाऱ्याने फडफडलेल्या धोतराचा असता, तरी तिने तोच सूर काढला असता. हात होता हे आता फक्त पत्त्यावर लिहिलेलं आहे, आणि पत्ता माणसाने दिलेला आहे. पाहणाऱ्याला सुराची खबर नाही, सूर काढणाऱ्याला हाताची नाही. दोघांना जोडणारे तुम्ही.

आणि हे सगळं उशिरा पोहोचतं. चित्र टिपायला वेळ, वजाबाकीला वेळ, निरोपाला वेळ, सुराला वेळ. प्रत्येक टप्पा सेकंदाचा लहानसा अंश घेतो, पण बेरीज कानाला जाणवण्याइतकी होऊ शकते. शिवाय येणारा आकडा थरथरतो. हात स्थिर धरला तरी 0.42, 0.44, 0.41. थरथर घालवायला एक चौकट मध्ये घालतात: जुन्या आकड्याचे नऊ हिस्से, नव्याचा एक, अशी मिसळ करायची आणि पुढे सोडायची. सूर लगेच शांत होतो. पण आता हात उचलला तर सूर मागे रेंगाळतो. जुन्याचा वाटा कमी करा, सूर चपळ होईल आणि पुन्हा कापू लागेल. शांतपणा आणि तत्परता दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. कुठल्याही चौकटीने हा सौदा टळलेला नाही. श्वास सोडताना हा प्रश्न स्वतःकडे वळवा: नव्या बातमीला मी कितवा हिस्सा देतो?

कॅनडाचे कलावंत डेव्हिड रोकबी 1980 च्या दशकात अशाच जोडणीवर काम करत होते. त्यांच्या 'व्हेरी नर्व्हस सिस्टम' या रचनेत मोकळ्या खोलीत माणूस हलतो आणि त्या हलण्यातून संगीत उठतं. ऐकून माणूस पुन्हा हलतो. वर्तुळ पुरं झालं की कोण कोणाला नाचवतं ते सांगता येत नाही.

हे पॅरिस-कॅनडाचं झालं. आता आपल्या जिल्ह्यात या. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिची रचना अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनच्या लायगो वेधशाळांसारखी. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टोकांना टांगलेले चाळीस-चाळीस किलोंचे आरसे. लहर आल्यावर त्यांच्यातलं अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकं बदललं तरी कळावं, असं हे मोजमाप.

त्या अमेरिकन वेधशाळांत आपली हीच जोडणी सापडते. लेसरचा झोत आरशावर कुठे पडला ते कॅमेरा पाहतो. चित्रातून प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य काढला जातो: किती आडवा, किती उभा. हे दोन आकडे नियंत्रण-प्रणालीत जातात आणि झोत पुन्हा जागेवर आणला जातो. आणि ती नियंत्रण-प्रणाली कशी बांधतात? सिम्युलिंक नावाच्या चित्ररूप प्रोग्रॅममध्ये, पडद्यावर चौकटी ठेवून आणि रेषा ओढून. त्या आकृतीतूनच पुढे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम तयार होतो.

इथे एक उलट गोष्ट ध्यानात घ्या. रोकबींच्या खोलीत हालचाल मोजायची ती वाढवण्यासाठी. लायगोत हालचाल मोजायची ती मिटवण्यासाठी. जमीन थरथरते, दूरवर गाडी जाते, समुद्राच्या लाटांचीही कंपनं जमिनीतून पोहोचतात. यंत्रणा प्रत्येक वेळी आरशांना हलकेच पूर्ववत करत राहते. लहर आली तरी यंत्रणा त्यांना जागेवरच धरू पाहते. मग लहर आल्याचं कळतं कसं? दुरुस्ती करूनही राहिलेली चूक आणि स्थिर ठेवायला घातलेला जोर, या दोन्हींचा हिशेब लावून. 14 सप्टेंबर 2015 रोजी टिपलेली पहिली लहर, सुमारे एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या मिलनाची, अशाच हिशेबातून वाचली गेली.

माणूस शांत बसलेला दिसतो तेव्हा आतून तो किती जोर लावत असतो, याचं मापही बाहेरून असंच काढावं लागेल. ओट्यावर तुम्ही आत्ता बसला आहात तेही असंच. पाठ ताठ ठेवणारे स्नायू मघापासून एकदाही थांबलेले नाहीत.

गोरेगावातल्या किंवा सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत कॅमेरा असलेला एखादा लॅपटॉप असेल, तर गुरुजी आणि बाई, एवढं करून पाहा. स्क्रॅच मोफत आहे. त्याच्या जोडविभागात व्हिडिओवरून हालचाल ओळखणारे ठोकळे आहेत. ते हालचालीला आकडा देतात, तिची दिशाही सांगतात. मुलं लगेच स्क्रॅचच्या पडद्यावरचं मांजर नाचवायला धावतील. पहिल्या तासाला नाचवू देऊ नका. कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे करा, हालचालीचा आकडा पडद्यावर आणा आणि वर्गाला विचारा, भिंत हलत नाही, मग हा आकडा मधूनच का उठतो? खिडकीचं दार लोटा, पंखा बंद करा, पुन्हा विचारा. मांजर दुसऱ्या तासाला नाचवता येईल.