जांभ्याची बारशी

1800 साली फ्रान्सिस ब्युकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर मद्रासहून निघाला. टिपू पडून वर्ष झालं होतं, आणि जिंकलेल्या मुलखात काय पिकतं, काय खणलं जातं, कोणत्या जातीचे लोक कोणता धंदा करतात, याची बारीक नोंद गव्हर्नर जनरल वेलस्लीला हवी होती. म्हैसूर, कानडा आणि मलबार पालथे घालताना अंगाडीपुरमजवळ त्याला एक दगड भेटला. जमिनीत असेपर्यंत तो इतका मऊ, की लोखंडी हत्यारानं हवा तसा कापावा. बाहेर काढून त्याला वारा लागला की मात्र विटेहून टणक. तिथले लोक त्याला ‘विटेचा दगड’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात, हे ब्युकॅनननं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. 1807 साली त्याचं प्रवासवृत्त छापलं गेलं, त्यात त्यानं त्याच नावाला लॅटिन अंगरखा चढवला. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट, म्हणून लॅटेराइट. आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे, आणि अंगाडीपुरमला ब्युकॅननच्या स्मरणार्थ एक स्मारकही उभं आहे. ज्या गवंड्यांचं नाव त्यानं उचललं, ते अर्थातच त्या दगडावर नाहीत.

बेळगावच्या पश्चिमेला चंदगड, आंबोली करत कोकणात उतरलं की वाटभर हाच दगड लागतो. आपण त्याला जांभा म्हणतो. म्हणताना जांभळटाकडे झुकणारा तांबडा रंग डोळ्यांसमोर येतोच. कापलेल्या ठोकळ्याला चिरा, जिथून तो निघतो ती चिरेखाण, आणि वर जिथं पावसाळ्यापुरतंच गवत येतं तो सडा. मलबारच्या गवंड्यानं दगडाची वागणूक पाहिली, आपल्याकडच्यानं रंग पाहिला. दोघांच्या नावांत एक गोष्ट सारखी होती: दगडाला हात लावल्याशिवाय ती नावं सुचली नसती.

लोकांनी दगडांना दिलेली जुनी नावं पाहिली तर त्यांत तीन वाटा दिसतात. दिसण्यावरून, कामावरून, आणि बरेचदा माल कुठून आला त्यावरून. उपासाच्या साबुदाण्यात पडणारं सैंधव म्हणजे सिंधूच्या मुलखातलं मीठ. तांबडी हुरमुंज पार इराणी आखातातल्या होर्मुझ बंदराचं नाव अजून अंगावर वागवते. संगजिरे हे फारसीतल्या ‘जखमेच्या दगडा’चं मराठी रूप. ज्या व्यापाऱ्यानं पोतं उतरवलं त्याच्या तोंडचं नाव आपण घेतलं आणि वापरून गुळगुळीत केलं. निपाणीच्या पश्चिमेला, राधानगरीच्या बाजूला गारगोटी गाव आहे. मुलं एकमेकांवर घासून ठिणग्या पाडतात त्या गारेचं आणि या गावाचं नाव एकच. सिन्नरला झिओलाइटच्या स्फटिकांचं संग्रहालय निघालं तेव्हा त्यालाही हेच नाव मिळालं, आणि मला ते फार योग्य वाटतं.

पण या नावांची एक अडचण होती, आणि ती अडचण खरी होती. लोकांचं नाव वापराला चिकटलेलं असतं, पदार्थाला नाही. एकाच कामाला येणारे दोन निराळे दगड एका नावाखाली जातात, आणि एकच पदार्थ दोन कामांना आला तर त्याला दोन नावं पडतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या नवरत्नांतच आहे. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा. पुराणात हे बाप-लेक, आणि त्यांचं पटत नाही. म्हणून माणिक आणि नीलम एका हातात घालू नयेत असं ज्योतिषी सांगतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले खनिजशास्त्रज्ञ स्फटिकांचे कोन मोजू लागले, घनता तोलू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही दोन्ही रत्नं एकच खनिज आहेत. क्रोमियमचा अंश गेला की लाल, लोह आणि टायटॅनियम गेलं की निळं. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की सुऱ्यांना धार लावायला जो ओबडधोबड कुरुंद वापरतात, तोही तेच. चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रज संग्राहकानं 1798 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध वाचला, आणि तमिळ ‘कुरुंदम’वरून आलेलं ‘कोरंडम’ हे नाव शास्त्रात रुजलं. संस्कृतात कुरुविंद, आपल्याकडे कुरुंद. राजाच्या मुकुटातलं रत्न आणि धार लावणाऱ्याचा दगड एका नावाखाली आले, तेही धार लावणाऱ्याच्या नावाखाली. खनिजशास्त्राच्या इतिहासातली ही मला सर्वांत आवडणारी घटना आहे.

पदार्थ एक तर नाव एक, ही कल्पना एकदा पटली की पुढचा प्रश्न येतोच: हे नाव ठेवायचं कुणी आणि कशावरून? जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात आब्राहाम वेर्नर शिकवत होता. त्यानं अठराव्या शतकाच्या शेवटी खनिजांना माणसांची नावं द्यायला सुरुवात केली. प्रेनाइट हे त्यातल्या पहिल्या काहींपैकी एक. ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून नमुना आणणाऱ्या फॉन प्रेन या डच अधिकाऱ्याच्या नावानं. तेव्हा यावर टीकाही झाली: आश्रयदात्याची खुशामत करायला दगड हवेत कशाला? टीकाकारांचं म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही. यावर उतारा म्हणून अमेरिकेतल्या जेम्स ड्वाइट डेनानं 1837 साली आपल्या ग्रंथात वनस्पतींसारखी लॅटिन दुहेरी नावं खनिजांना दिली, कुळ आणि जात अशी. पण खनिजांना वंश नसतो. गार गारेपासून जन्मत नाही. 1850 च्या आवृत्तीत डेनानं ती सगळी पद्धत स्वतःच सोडून दिली. उरलं ते ‘-आइट’ हे ग्रीक शेपूट, आणि त्याच्या पुढे वाटेल ते.

हे ‘वाटेल ते’ आपल्याकडे कसं आलं, हे पाहण्यासारखं आहे. 1831 साली खनिजशास्त्रज्ञ हेन्री ब्रुक यानं पुण्याच्या परिसरातून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांना ‘पूनालाइट’ म्हटलं. पुढे तपासात ते वेगळं खनिज नाही, आधीच माहीत असलेला झिओलाइट आहे, असं ठरलं आणि पुण्याचं नाव यादीतून गेलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावानं आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉपच्या नावानं ‘हिस्लोपाइट’ झालं. ते निघालं हिरवट कॅल्साइट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञानं मध्य प्रांतातल्या मॅंगनीजच्या खाणी पिंजून काढल्या. त्यानं छिंदवाड्याकडच्या सीतापार गावावरून ‘सीतापाराइट’ नाव ठेवलं. ते पुढे दुसऱ्या खनिजात विरलं. त्यानंच आपल्या खात्याचे प्रमुख हॉलंड यांच्या नावानं ‘हॉलंडाइट’ ठेवलं, आणि ते मात्र आजही टिकून आहे. गोंडांच्या नावानं त्यानं एका खडकाला ‘गोंडाइट’ म्हटलं. साहेबाला खनिज, गोंडांना खडक! खुद्द फर्मोरच्या नावाचं ‘फर्मोराइट’ इंग्लंडमधल्या दोघांनी 1910 साली ठेवलं. शंभर वर्षांनी, 2010 साली, नियमांच्या फेरमांडणीत तेही गेलं.

बेळगावचा भाग या नामकरणातून सुटला असं नाही. इथं खनिजांपेक्षा थरांची नावं पडली. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यानं 1876 साली जो अहवाल लिहिला त्याच्या शीर्षकातच ‘दक्षिण मराठा प्रदेश’ आहे. सीमाभागातल्या कुणा कार्यकर्त्याच्या हाती ते मुखपृष्ठ लागलं तर तो ते नक्कीच फ्रेम करून लावेल. पण याच अहवालात ज्या वालुकाश्माच्या थरांवरून गोकाकचा धबधबा कोसळतो, त्यांना फूटनं कलादगी या कानडी गावाचं नाव दिलं. त्याला दोन्हींत काही वावगं वाटलं नाही. आपल्याला वाटेल. 1 नोव्हेंबर 2014 ला ‘बेळगाव’चं सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं तेव्हा ज्या भावना उसळल्या, त्या दगडांच्या नावांबाबत कधी उसळत नाहीत. एक कारण असं, की दगडांच्या बाबतीत जो आधी छापतो त्याचं नाव राहतं, हा नियम सर्वांनी मान्य केला आहे. हा नियम न्याय्य आहे का, हा वेगळा मुद्दा. छापखाना कुणाकडे होता ते उघड आहे.

जांभ्याच्या पोटात काय आहे, याचा शोध घेतला तेव्हा या सगळ्या पद्धती एकाच ढेकळात भेटल्या. त्याचा लाल रंग हेमॅटाइटचा, म्हणजे रक्तावरून पडलेलं जुनं ग्रीक नाव. पिवळट तपकिरी छटा गोएथाइटची. हे नाव 1806 साली कवी गटेवरून पडलं, आणि व्यक्तीनामांविषयी माझा एवढा आकस असूनही हे मला खटकत नाही, कारण गटे इल्मेनाऊच्या खाणींचा कारभार पाहत असे आणि त्याच्या संग्रहात सुमारे 18 हजार नमुने होते. पांढरट माती केओलिनाइटची, चीनमधल्या एका टेकडीवरून. आणि जिथं लोह धुऊन गेलं आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तिथं बॉक्साइट.

बॉक्साइटचं नाव फ्रान्सच्या ले बो या खेड्यावरून. पिएर बर्थिए यानं 1821 साली तिथल्या तांबड्या मातीचं पृथक्करण केलं. कित्येक वर्षं त्याला एक खनिज समजलं गेलं. मग कळलं की हे मिश्रण आहे, आणि त्यात ॲल्युमिनियमची तीन निरनिराळी खनिजं कमीजास्त असू शकतात. गिब्साइटला 1822 साली जॉन टॉरीनं कर्नल जॉर्ज गिब्स या अमेरिकन संग्राहकाचं नाव दिलं. डायास्पोरचं नाव तापवल्यावर तो तडतडून विखुरतो म्हणून; हे पुन्हा गवंड्याच्या पद्धतीचं. तिसऱ्याला, बोहमाइटला, क्ष-किरणांनी त्याचा छडा लावणाऱ्या योहान बोहमचं. 1912 नंतर क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंची रचना वाचता येऊ लागली आणि ‘एक खनिज’ म्हणजे काय याचा अर्थच बदलला. आता घटक काय, एवढ्यावर भागत नव्हतं. अणू कसे रचले आहेत तेही सांगावं लागलं. 1959 साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेनं यासाठी आयोग नेमला. नवं खनिज म्हणायचं तर रचना दाखवा, नमुना संग्रहालयात जमा करा, नावाला मंजुरी घ्या, आणि स्वतःचं नाव स्वतः ठेवू नका. सुमारे सहा हजार नावं आज या यादीत आहेत. आयोगाच्या काळातली काही नावं तर घटकांची आद्याक्षरं जोडून केलेली: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, म्हणून कॅव्हन्साइट. हे नाव अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या नमुन्यांवरून 1973 साली ठरलं. त्याचे जगातले सर्वांत देखणे निळे गोळे निघतात पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत. वाघोलीवरून नाव पडलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं; नियमानुसार तो हक्क आधीच्याचा.

नावांची ही काटेकोर विभागणी निव्वळ विद्वानांची हौस नव्हती, हे बेळगावजवळ यमनापूरच्या ॲल्युमिना कारखान्यात समजतं. हा मूळचा इंडाल कंपनीचा, आता हिंडाल्कोचा. चंदगड आणि राधानगरीच्या सड्यांवरून इथं बॉक्साइट आला, म्हणजे महाराष्ट्रात खणला आणि कर्नाटकात शिजवला. तो कॉस्टिक सोड्यात शिजवायची रीत कार्ल बायरनं 1880 च्या दशकाच्या अखेरीस काढली. गिब्साइट असेल तर साधारण दीडशे अंशांना विरघळतो. डायास्पोर असेल तर अडीचशेच्या आसपास जावं लागतं, आणि दाबही तसाच वाढवावा लागतो. ट्रकच्या पावतीवर ‘बॉक्साइट’ पुरतं, बॉयलर चालवणाऱ्याला पुरत नाही. त्याला कर्नल गिब्सचं नाव ठाऊक असावंच लागतं, भले तो कोण होता हे ठाऊक नसो.

शिजलेल्या द्रावातून लाल गाळ बाजूला काढला जातो, पांढरी भुकटी खाली बसते, आणि ती भट्टीत हजार अंशांहून बऱ्याच वरच्या तापमानाला भाजली जाते. बाजारात तिला कॅल्साइन्ड ॲल्युमिना म्हणतात; सिरॅमिक, उष्णतारोधक विटा आणि घासायच्या-पॉलिशच्या सामानासाठी ती जाते. पोत्यावर कंपनीचा छापील शब्द असतो. त्यातली चिमूट क्ष-किरणांखाली धरली तर जी रचना दिसते तिचं शास्त्रातलं नाव कोरंडम, म्हणजे आपला कुरुंद.