चूक लपवावी काय?

घरचें कोणी माणूस अत्यवस्थ झालें म्हणजे आपण त्यास कोल्हापुरास छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या इस्पितळांत नेतों. तेथील अतिदक्षता विभागाचें दार आपणांस बहुधा बंद असतें. आंत रोग्यास बोलतां येत नाहीं. श्वास यंत्रानें चालतो, औषध नळीनें रक्तांत जातें. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उघडलें, तेव्हां अशीं यंत्रें नव्हतीं. आज तीं आहेत, तरी रोग्याचा जीव परिचारिकेच्या हातींच आहे. दर दोन तासांनीं त्याची कूस पालटणें, उशाकडील बाजू उंच ठेवणें, त्यास शिवण्यापूर्वीं हात धुणें, पोटॅशियमसारखें औषध देण्यापूर्वीं दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा पडताळून घेणें, हीं कामें लहान दिसतात. परंतु तीं चुकलीं तर पाठीस क्षतें पडतात, फुप्फुसांस दाह होतो, हृदयही थांबतें.

आतां प्रश्न असा कीं, मध्यरात्रीं एखादीच्या हातून औषधाची कुपी चुकली, रोग्यास अपाय झाला नाहीं, व कोणीं पाहिलेंही नाहीं, तर तिनें तें सांगावें काय? कोणी म्हणेल, उगाच नोकरी कां घालवावी? हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. एकीकडे अनेक रोगी सोंपवावे आणि चुकीचा सर्व भार तिच्याच माथीं मारावा, हा अन्याय होय. तथापि दोन कुप्या सारख्या दिसल्यामुळें चूक झाली असेल, आणि ती गप्प राहिली, तर उद्यां त्याच फळीवरून दुसरी परिचारिका तीच कुपी उचलील. तो रोगी कदाचित् वांचणार नाहीं.

व्हिएन्ना शहरीं १८४७ सालीं सेमेलवाइस नामक डॉक्टरास आढळलें कीं, बाळंतिणींचा घातक ज्वर शवविच्छेदन करून आलेल्या वैद्यांच्याच हातांनीं पसरतो. आपल्याही हातून कित्येक स्त्रिया दगावल्या, हें त्यानें पुढें लिहून कबूल केलें. विरंजक चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम त्यानें घातला. त्या विभागांत एप्रिलांत शेकडा १८ माता मरत होत्या. जूनांत तें प्रमाण शेकडा सुमारें २ वर आलें.

म्हणून आमचें मत असें कीं, चूक सांगावी, आणि सांगणारीस अभय असावें. जाणूनबुजून हयगय करणाऱ्यास शासन व्हावें. कबूल करणारीस नव्हे.

बंधुभगिनींनो, आपल्या कितीएक मुली हें काम करितात. त्यांपैकीं एखादी घरीं येऊन म्हणाली, “आज माझ्या हातून चूक झाली,” तर तिला “गप्प राहा” असें सांगूं नका. “सकाळीं जाऊन मेट्रनबाईंस सांग” असें म्हणा, आणि तिच्या पाठीशीं उभे राहा.