फेरपरीक्षेची वही

१८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात परवा सकाळी, वर्तमानपत्रांच्या सळसळीत, कानशिले पांढरी झालेले एक गृहस्थ, ज्या विषयाने ऐन उमेदीत त्यांच्या गुणपत्रिकेवर नापासाचा शेरा मारला, त्याच दहावीच्या इंग्रजीची पुनश्च तयारी करताना दिसले. वहीत तक्रारीचे एक औपचारिक पत्र होते. 'रिसीव्ह' या शब्दातले आय आणि ई दोनदा खोडून तिसऱ्यांदा जागच्या जागी बसवलेले. सातपूरच्या एका कारखान्यात आवक-जावक सांभाळता सांभाळता पत्र कोणास व कशासाठी लिहावे, हे ते केव्हाच शिकले होते. सोळाव्या वर्षी मात्र तेच पत्र केवळ गुणांचा ऐवज होता. याच शहराच्या कुसुमाग्रजांनी शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणला खरा. पण त्या थोर नावाचा आधार या गृहस्थांना हवा होता, असे मला वाटले नाही. फेरपरीक्षेस आपण शिक्षा मानतो, हा निव्वळ अविचार होय. उत्तीर्ण होण्यास शंभरांत पस्तीस गुण पुरतात; त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर साठ लिहिले आहेत.