सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस



शाक्य आणि कोलिय यांचा तंटा रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटला. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला देश सोडावा लागला, असे बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात दाखविले आहे. पाण्याचा प्रश्न माणसाला घरदार सोडावयास लावतो, ही गोष्ट आपणांस नवी नाही.

आता जासईकडे पाहा. 1970 पासून नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातखाचरांवर, मिठागरांवर, खाडीकाठावर भराव पडला. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी 1984 मध्ये या परिसरात गोळीबार झाला. 5 जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तो न्याय्यच होता.

परंतु तो हक्क मुख्यतः मोजला गेला सातबाऱ्यावरून. दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणारी बाई, मिठागरावरचा मजूर, चिखलात खेकडे धरणारा माणूस, यांचे काय गेले? कागदाच्या हिशेबी फारसे काही नाही. प्रत्यक्षात रोजची भाकरी गेली.

2013 च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी 3 वर्षे त्या जमिनीवर राबून जगणारा भूमिहीन मजूर आणि मासेमारीवर जगणारी कुटुंबेही बाधित मानली. एक पाऊल पुढे पडले. पण खारबांध फुटून शेत खारट होते, तेव्हा संपादनाची नोटीस कोण लावणार? 1951 च्या जागतिक निर्वासित करारातही छळाच्या भीतीने पळालेल्यालाच निर्वासित म्हटले आहे. दुष्काळाने वा समुद्राने हुसकलेल्याला तेथे नाव नाही.

मग नीती कोणती मानावी? 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट धरली. 1977 साली तिचा कायदा झाला. या योजनेत जमीन किती, हा प्रश्न नाही. काम मागणारे हात पुरेत. स्थलांतराच्या धोरणानेही हेच विचारावे: तुझे जगणे कशावर होते आणि ते कोणी मोडले? प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी आधाराने उभी राहते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सांगणे आहे. आधार काढणाऱ्याने माणसाला उत्तर दिलेच पाहिजे.

तुमच्या गावात संपादनाची नोटीस लागली, तर ग्रामसभेत उभे राहून भूमिहीनांची यादी मागा. आपले नाव त्यात असो वा नसो.