चार स्क्रू आणि नागसेनाचा रथ

स्वस्तातला बेस गिटार दुकानात जे लपवतो ते घरी आल्यावर आठवड्याभरात उघड करतो. जाड ई तार वरच्या फ्रेटवर फडफडते, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर होते आणि तारांवरचा हात उचलला की विजेची 50 हर्ट्झची गुणगुण ॲम्पमधून घुमू लागते. भिलाईत यात हवामानाची भर पडते. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, नेकचे लाकूड सुकून आकसते आणि फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. जुलैत तेच लाकूड ओल पिते, नेकचा बाक बदलतो आणि मे महिन्यात केलेले सेटिंग वाया जाते.

मग बेस उघडला जातो. पोलादाच्या या गावात सोल्डरिंग आयर्न आणि ॲलन की यांची कोणाला अपूर्वाई नसते. आधी फुकटातली कामे उरकतात: नेकमधल्या ट्रस रॉडला पाव फेरा, तारांची उंची, इंटोनेशन. त्यानंतर आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगला जोडायची, म्हणजे गुणगुण बरीच निवते. पुढचे पाऊल खिशाला लागते. नॉबखालचे नवे पॉट येतात, मग पिकअप, मग वजनदार ब्रिज, मग ताठ फिरणाऱ्या खुंट्या. दोन-तीन वर्षांत सुट्या भागांचा खर्च मूळ किमतीच्या पुढे जातो. शेवटी कोणीतरी नेकही बदलतो, आणि तिथे घरातले शहाणे माणूस विचारते, ‘‘मग यात तुझा जुना बेस उरला कुठे?’’

प्रश्न टोमण्याचा असला तरी जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. महाराज, तुम्ही पायी आलात की रथातून, असे नागसेन विचारतो. राजा म्हणतो, रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाके, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांहून वेगळे असे काही रथ म्हणून आहे का? तेही नाही. तर मग रथ हे भाग एकत्र असताना वापरायचे एक नाव, एक सोय. आणि नागसेन हेही तसलेच नाव. बौद्धांचा अनात्मवाद यापेक्षा सोप्या उदाहरणाने क्वचितच कोणी समजावला असेल.

वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि त्यांच्यात राहणारा अवयवी वेगळा, आणि तो खराखुरा असतो. मात्र या खरेपणाची किंमत जबर आहे. वस्त्राचा एक तुकडा फाटला तरी जुने वस्त्र नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांत नवे ‘खंडपट’ जन्मले, असे त्यांना म्हणावे लागते. या हिशेबाने नॉब बदलताच जुना बेस संपला. वॉरंटी कार्डे लिहिणारे लोक पक्के वैशेषिक असावेत. एक स्क्रू हलला की त्यांच्या लेखी वस्तू दुसरी.

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्यातच नागपुऱ्याचे पार्श्वनाथ तीर्थ आहे. तिथे येणाऱ्या जैन यात्रेकरूंच्या परंपरेने मधली वाट काढली: प्रत्येक वस्तूत उपजणे, नासणे आणि टिकणे एकाच वेळी चालू असते. समंतभद्राचार्यांनी ‘आप्तमीमांसे’त दिलेले उदाहरण फार देखणे आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला. घट हवा असलेला रडतो, मुकुट हवा असलेला हसतो आणि ज्याला फक्त सोने हवे होते तो जसाच्या तसा राहतो. बेसच्या बाबतीत रडणारा आणि हसणारा चटकन सापडतात. ‘ऑल ओरिजिनल’ हवा असलेला संग्राहक रडेल, वाजवणारा हसेल. अडचण तिसऱ्याची आहे. घट वितळला तरी सोने होते तेच राहते; इथे लाकूड, तांबे, लोखंड सगळेच बदलून गेले. यात सोने कोणते?

पुरीच्या जगन्नाथाकडे याचे एक उत्तर आहे. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी तिथे नवकलेवर होते, अलीकडे 1996 आणि 2015 मध्ये झाले. कडुलिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात, जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक रात्री नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारात समाधी देतात. लाकूड पूर्ण नवे, देव तोच, कारण आतले काहीतरी हातोहात पुढे गेले. नागसेनाच्या नेमके उलट.

वाद्यांच्या दुनियेत मात्र असा पदार्थ शोधून सापडत नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. मिरजेचा तंबोरा घ्या. वाजून वाजून तारांची घोडीवर चाकोरी पडते, कारागीर घोडी घासून जवारी पुन्हा काढतो, आणि गायक तंबोरा बदलला म्हणत नाही. स्ट्रॅडिव्हरी 1737 मध्ये वारला. त्याची जी व्हायोलिने आज कोट्यवधींना विकली जातात त्यांतल्या बहुतेकांचे नेक एकोणिसाव्या शतकाच्या आसपास बदललेले आहेत, कारण मोठ्या सभागृहांना मोठा आवाज हवा होता. तरी लिलावात नाव त्याचेच पुकारतात.

बेस गिटारची तर रचनाच बदलण्यासाठी झाली. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 च्या प्रिसिजन बेसचा नेक त्याने डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवला, म्हणजे बिघडला की काढून दुसरा लावता यावा. रेडिओचा व्हॉल्व्ह काढावा तसा हा विचार होता. पुढे बरीच वर्षे फेंडरचा अनुक्रमांक त्याच चार स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असे. म्हणजे वाद्याचा कायदेशीर आत्मा त्याच्या सगळ्यात सहज निघणाऱ्या तुकड्यावर!

बेसवादक जॅको पास्टोरियसचा 1962 चा फेंडर जॅझ बेस याच जातीचा. त्याचे फ्रेट काढलेले होते, खाचा बुजवलेल्या होत्या आणि पट्टीवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर चढवले होते. ऐंशीच्या दशकात त्याचे तुकडे झाले, ते कारागिरांनी जोडले आणि 1986 मध्ये न्यूयॉर्कमधून तो चोरीला गेला. पुढच्याच वर्षी जॅको वारला. वीसेक वर्षांनी बेस त्याच शहरातल्या एका दुकानात उगवला, मालकीचा वाद झाला आणि 2010 मध्ये मेटॅलिका या बँडचा बेसवादक रॉबर्ट त्रुहियो याने पैसे भरून तो सोडवला. कारखान्यातून निघालेल्या भावंडांपासून या बेसला वेगळे करते ते त्याच्यावर झालेले कापणे, भरणे आणि चिकटवणे. बदल म्हणजे ओळख पुसणे, असे मानणाऱ्याला हा बेस फार अवघड जाईल.

भिलाईत या वादाचा निकाल लावणारे वाद्य मात्र दुसरेच आहे. इथून जवळच्या गनियारी गावात 1956 मध्ये जन्मलेल्या आणि भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंना 2019 मध्ये पद्मविभूषण मिळाले. महाभारताची गाऊन सांगायची कथा म्हणजे पंडवानी; ती बसून सांगायची शैली वेदमती. त्या उभ्याने, अभिनय करत कापालिक शैलीत सांगत आल्या. हातात मोरपिसे लावलेला तंबोरा. युद्धाचा प्रसंग आला की तो भीमाची गदा होतो, अर्जुनाचे धनुष्य होतो, आणि रथही होतो. नागसेनाच्या रथाला आस, चाके, जू सगळे होते आणि रथ सापडत नव्हता. तीजनबाईंच्या हातात यातले एकही नसते आणि समोर बसलेल्या शेकडो लोकांना रथ दिसतो.

याचा अर्थ नागसेन हरला असा नाही. भागांबद्दल त्याचे म्हणणे अचूकच आहे. पण नाव ही नुसती सोय नसते. कोणीतरी त्या वस्तूकडून काम करून घेत असते आणि कोणीतरी ते ओळखत असते, त्यातून नाव तयार होते. समंतभद्रांचा तिसरा माणूस इथे सापडतो. गणपतीत ऑर्केस्ट्रात दहा दिवस तळाचा सूर धरणारा आणि ऐकणारा, यांना पिकअप कोणाचे याच्याशी कर्तव्य नाही. त्यांच्या लेखी तो बेस खंड न पडता वाजत आला आहे. भिलाईच्या कारखान्यालाही हे ठाऊक आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी असो की 2018 ची आठवी ‘महामाया’, भट्टीच्या आतले विटांचे अस्तर झिजते, ते काढून नवे बांधतात, आणि भट्टीचा क्रमांक कोणी बदलत नाही.

एक गाठ तरीही सुटत नाही, आणि ती सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने मारून ठेवली आहे. ग्रीक कथेतल्या थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या जुन्या फळ्यांतून कोणी दुसरे जहाज जोडले, तर खरे कोणते? बेसवाल्यांच्या घरी ही नुसती कल्पना राहत नाही. काढलेला ब्रिज, खुंट्या, पिकअप, पॉट बुटांच्या खोक्यात पडून असतात, जुना नेक कपाटामागे. एक दिवस कुठूनतरी जुनी बॉडी स्वस्तात मिळते, चुलतभावाला शिकायचे असते, आणि एका रविवारी दुसरा बेस उभा राहतो. बॉडी सोडली तर यात सगळे त्या पहिल्याचेच. वाजण्याची परंपरा धरली तर हा नवा. मधली वर्षे हे भाग खोक्यात मुके होते. दुकानदार मात्र ते मानणार नाही. आजच्या स्वस्त बेसांचा अनुक्रमांक बहुधा नेकच्या टोकाला, मागच्या बाजूला असतो, तेव्हा मूळ खरेदीचे बिल चुलतभावाच्या बेसबरोबरच द्यावे लागेल.